कोंबडीच्या वाढत्या पिल्लांतील नर व मादी यांची ओळख

खुडूक कोंबडीखाली बसविलेल्या अंड्यांतून दहा-बारा पिल्ले बाहेर पडली, म्हणजे घरधनिणीला समाधान वाटते. कणी-कोंडा घालता घालता ती मनाशी हिशेब मांडू लागते. या पिल्लांच्या कोंबड्या होतील, त्या अंड्यावर येतील, अंडी विकून तेलामिठाचा व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागेल, असा तो हिशेब असतो. पाच-सहा महिन्यांनी मात्र पुष्कळदा निराळेच चित्र दिसते. ज्यांना कोंबड्या समजून जपले त्यांतील कित्येक कोंबडे निघतात. उलट, ज्यांना कोंबडे समजून सणाच्या आधी आठवड्याच्या बाजारात विकले, त्यांत दोन-तीन चांगल्या तलंगा होत्या, हे मागाहून ध्यानात येते. अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीस तलंग म्हणतात. पाळणाऱ्याची खरी पुंजी ती हीच होय.

ही चूक किती महागात पडते ते पाहावे. आपल्याकडील साधी गावठी कोंबडी वर्षाला सर्वसाधारणपणे 60 ते 80 अंडी देते. म्हणजे चुकून विकलेल्या प्रत्येक तलंगेबरोबर पुढील वर्षाची इतकी अंडी व त्यांतून निघणारी पिल्लेही बाजारात गेली. दुसऱ्या बाजूने, नको असलेला नर उगाच सांभाळला तर तो दाणा खात राहतो. समजा, एक नर दररोज 70 ग्रॅम दाणा खातो, तर 60 दिवसांत तो 4 किलो 200 ग्रॅम दाणा फस्त करील. असे पाच नर असल्यास 21 किलो दाणा खर्ची पडेल. शिवाय हे नर खाण्याच्या भांड्यावरून तलंगांना हुसकून लावतात व त्यांच्या वाढीत खोट आणतात. नर व मादी यांची वेळेवर ओळख पटणे हा म्हणूनच दहा कोंबड्यांच्या संसारातील नफ्या-तोट्याचा प्रश्न आहे.

ही ओळख अवघड नाही. एकाच लक्षणावरून, एकाच दिवशी व घाईने निर्णय घेतला म्हणजे ती चुकते. प्रत्येक लक्षणाचे स्वतःचे एक वय असते. त्या वयाच्या आधी ते दिसत नाही व त्या वयानंतर कधी कधी ते फसवे ठरते. कोणते लक्षण कोणत्या वयात पाहावयाचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

निसर्गातील प्रमाण

पुष्कळ अंडी उबविली असता त्यांतून निघणाऱ्या पिल्लांत नर व मादी यांचे प्रमाण सुमारे निम्मे-निम्मे पडते. परंतु एका कोंबडीखालील बारा पिल्लांत सहा नर व सहा माद्याच निघतील, असे मात्र नाही. कधी आठ नर व चार माद्या, तर कधी याच्या उलटही निघते. त्यात कोणाचा दोष नसतो.

पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे घालण्यापूर्वीच ठरलेले असते. पक्ष्यांमध्ये हे ठरविणारा अंश कोंबडीच्या बीजातून येतो, कोंबड्याच्या बीजातून येत नाही. सस्तन प्राण्यांत याच्या नेमके उलट घडते. लांबट किंवा टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोलसर अंड्यातून मादी निघते, असा समज ठिकठिकाणी आढळतो. काही जण दोऱ्याला अंगठी बांधून ती अंड्यावर धरतात व तिच्या हेलकाव्यावरून भाकीत करतात. या समजांना आधार नाही. अंड्याचा आकार हा ते घालणाऱ्या कोंबडीच्या शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असतो. एकच कोंबडी बहुधा एकाच घाटाची अंडी घालते व त्यांतून नरही निघतात आणि माद्याही निघतात. उबवणीसाठी अंडी निवडताना मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली व ताजी अंडी घ्यावीत. नर-मादीचा विचार त्या वेळी करू नये.

एक दिवसाच्या पिल्लांची ओळख

अंडी उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लांची निवड होते, ती आपल्याला घरी का करता येऊ नये, असा प्रश्न शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर असे की, त्यासाठीच्या तीन रीती असून तिन्हींना विशेष परिस्थिती लागते.

पहिली रीत गुदद्वार तपासण्याची. जपानमधील शास्त्रज्ञ कियोशी मासुई व त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो यांनी तिचा अभ्यास केला. 1933 मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर ती इतर देशांतही पसरली. पिल्लाचे गुदद्वार हलक्या दाबाने उघडून आतील अगदी बारीक उंचवटा पाहावयाचा असतो. नर व मादी यांच्या उंचवट्यांतील फरक इतका सूक्ष्म असतो की, तो ओळखण्यास दीर्घ शिक्षण व सराव लागतो. अननुभवी माणसाने दाब दिल्यास पिल्लास इजा होते व ते दगावूही शकते. घरी हा प्रयोग कधीही करू नये.

दुसरी रीत पंखांच्या पिसांची. काही खास संकरांत मादी पिल्लाच्या पंखाची मुख्य पिसे जन्मतःच त्यांवरील आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात आणि नर पिल्लात दोन्ही पिसे सारख्या लांबीची असतात, किंवा आच्छादक पिसे थोडी लांब असतात. सावकाश पिसे फुटणारी माता व लवकर पिसे फुटणारा पिता अशी जोडी मुद्दाम जुळविलेली असेल, तरच हा फरक दिसतो. तोही पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहावा लागतो. आपल्या गावठी पिल्लांचे पंख पसरून हा फरक शोधणे निरर्थक आहे.

तिसरी रीत रंगाची. ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा व पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी यांच्या संकरात नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो आणि मादी पिल्लाच्या डोक्यावर तो नसतो. जोडी उलट केल्यास, म्हणजे कोंबडा पट्टेदार व कोंबडी तांबडी घेतल्यास, हा भेद राहत नाही. गावातील मिश्र रंगाच्या कोंबड्यांत तर अशा ठिपक्यांना काहीच अर्थ नसतो.

सारांश, ज्याने खुडूक कोंबडीखाली पिल्ले काढली किंवा केंद्रातून नर-मादी मिश्र पिल्ले आणली, त्याने पहिला महिनाभर सर्व पिल्लांस सारखेच जपावे. खरी ओळख पिल्लांच्या वाढीबरोबर पटत जाते.

लक्षणांचे मूळ

पुढील लक्षणे पाठ करण्यापेक्षा ती कशामुळे दिसतात हे जाणून घेतले, तर चूक कमी होते. नराच्या शरीरातील वृषणांतून एक अंतःस्राव रक्तात मिसळतो. त्याच्या योगाने डोक्यावरील तुरा व चोचीखालील मांसल लोलक वाढतात व लाल होतात. आरवणे व झुंजण्याची वृत्तीही त्याच्याच प्रभावाने येते. मादीच्या अंडाशयातून निराळा अंतःस्राव निघतो. त्याच्या योगाने तिची पिसे रुंद व गोल टोकाची होतात. हा स्राव नसेल तर पिसे नरासारखी लांब व टोकदार येतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. तुरा हा वाढीचा व प्रकृतीचा दर्शक आहे. तो लवकर किंवा उशिरा वाढू शकतो, आजारात फिका पडतो आणि अंड्यावर येण्याच्या वेळी मादीतही लाल होतो. पिसांचा आकार इतक्या सहज पालटत नाही. म्हणून तुऱ्यावरून संशय घ्यावा आणि पिसांवरून निर्णय करावा.

चार ते सहा आठवड्यांचे वय

या वयात पिल्लांची लव जाऊन पिसे फुटत असतात. भारी अंगाच्या जातींत, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेडमध्ये, मादी पिल्लांची पाठ व शेपटी लवकर पिसांनी झाकली जाते. नरांची पाठ व खांदे काही काळ उघडेबोडके दिसतात व शेपटी आखूड राहते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या जातींत दोघांनाही पिसे लवकर फुटतात. म्हणून तेथे या लक्षणाचा उपयोग नाही. परंतु या जातीत नरांचे तुरे याच वयात उंच व गुलाबी दिसू लागतात आणि माद्यांचे तुरे लहान व पिवळसर राहतात.

याशिवाय पाय पाहावेत. नरांच्या पायांच्या नळ्या जाड व पंजे मोठे असतात. डोके थोडे मोठे व उभे राहण्याची ढब ताठ असते. मात्र हे सर्व तुलनेने पाहावयाचे असते. एकच पिल्लू हातात घेऊन त्याचा पाय जाड की बारीक, हे सांगता येत नाही. एकाच वेळी निघालेली, एकाच जातीची पिल्ले शेजारी-शेजारी ठेवली म्हणजेच फरक डोळ्यांत भरतो. निरनिराळ्या वयाची पिल्ले एकत्र पाहिल्यास थोरली मादी नर वाटते व धाकटा नर मादी वाटतो.

या वयात कोणतेही पिल्लू विकू नये. फक्त मनाशी नोंद करावी.

आठ ते दहा आठवड्यांचे वय

ही पहिली महत्त्वाची तपासणी होय. आता बहुतेक जातींत नरांचे तुरे व लोलक स्पष्ट लाल होतात आणि माद्यांचे तुरे आखूड व फिके राहतात. नर एकमेकांसमोर मान ताठ करून उभे राहतात व छाती पुढे काढून टक्कर घेतात. परंतु लहान माद्याही आपसांत अशा चकमकी करतात. म्हणून केवळ भांडखोरपणावरून निर्णय घेऊ नये.

गावठी रंगीत पिल्लांत रंगाचे लक्षण या सुमारास दिसू लागते. नरांच्या खांद्यावर व पंखांवर तांबड्या, चमकदार पिसांचे ठिगळ उमटते. माद्यांचा रंग सर्वांगावर सारखा, मातकट किंवा बारीक ठिपक्यांचा राहतो. पट्टेदार जातीत नराच्या पिसांवरील पांढरे व काळे पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे असतात, म्हणून तो फिकट दिसतो. मादीत पांढरे पट्टे अरुंद असतात, म्हणून ती काळसर दिसते.

सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पिल्लांना मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावरील दुसरी लस टोचून घ्यावयाची असते. त्या वेळी प्रत्येक पिल्लू हातात येतेच. त्याच वेळी त्याचा तुरा व नळ्या पाहून घेतल्यास पिल्लांना पुन्हा धरण्याचा त्रास वाचतो.

बारा ते सोळा आठवड्यांचे वय

निर्णायक तपासणी ती हीच. पिल्लांची पहिली पिसे गळून मोठेपणीची पिसे या काळात येतात. पहिली पिसे दोघांचीही अरुंद असल्यामुळे त्यांवरून काही ठरविता येत नव्हते. आता मात्र खालील तीन जागा पाहाव्यात.

पहिली जागा कमरेची. शेपटीच्या अलीकडे, पाठ जेथे उतरते तेथील पिसे बोटांनी हलकेच उचलून उजेडात पाहावीत. नराची पिसे लांब, अरुंद, चकचकीत व टोकदार असून ती शेपटीच्या बुंध्याच्या दोन्ही अंगांना झालरीसारखी लोंबतात. मादीची पिसे रुंद, आखूड व गोल टोकाची असतात.

दुसरी जागा मानेची. नराच्या मानेवरील पिसे लांब व टोकदार होऊन खांद्यावर पसरतात. मादीच्या मानेवरील पिसे आखूड व टोकाशी गोलसर असतात. दोघांच्याही मानेवर चमक असू शकते. म्हणून चमक पाहू नये, टोक पाहावे.

तिसरी जागा शेपटीची. नराच्या शेपटीत विळ्यासारखी बाकदार पिसे फुटू लागतात. मादीची शेपटी सरळ व पंख्यासारखी राहते.

कमरेचे एकच टोकदार, झालरीसारखे पीस स्पष्ट दिसले, तर तो नर आहे असे निःशंक समजावे. हे पीस न दिसल्यास मात्र लगेच मादी ठरवू नये. सावकाश वाढणाऱ्या नरात ते उशिरा येते. अशा पिल्लास आणखी दोन-तीन आठवडे अवधी द्यावा.

आरवण्यास नर साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सुरुवात करतात. पहिले आरवणे घोगरे व अर्धवट असते. ज्या खुराड्यात एखादा दांडगा नर असतो, तेथे इतर नर दबून राहतात. ते आरवत नाहीत, झुंजत नाहीत व त्यांचे तुरेही मागे पडतात. असा दबलेला नर मादी म्हणून खपून जातो. त्याला दोन आठवडे निराळे ठेवले, की त्याचे खरे रूप प्रकट होते.

अठरा आठवड्यांनंतर

या वयात तुरा फसवितो. आतापर्यंत फिका असलेला तलंगेचा तुरा अंड्यावर येण्यापूर्वी वाढतो व लालभडक होतो. पुष्कळ लोक नेमक्या याच वेळी तिला नर समजून विकतात, आणि अंड्यांचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर नुकसान करून घेतात. लेगहॉर्न तलंगेचा तुरा तर इतका मोठा होतो की, तो एका बाजूस लवंडतो.

अशा वेळी कमरेची पिसे पाहावीत. ती गोल असतील तर तलंगच होय. शिवाय गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस असलेली कटिहाडे बोटांनी चाचपावीत. अंड्यावर येणाऱ्या तलंगेत ती लवचिक होऊन त्यांत दोन बोटे किंवा अधिक अंतर पडते, गुदद्वार मोठे व ओलसर होते आणि पोट मऊ लागते. नराची हाडे जवळ-जवळ व ताठर राहतात. तलंगेच्या पाठीवर हात ठेवला असता ती पंख किंचित पसरून खाली बसते. हे ती लवकरच अंडी देणार असल्याचे चिन्ह आहे.

पायाच्या नळीवरील मागचा काटा हे नराचे प्रसिद्ध लक्षण आहे. परंतु ते उशिराचे आहे. लहानपणी दोघांनाही तेथे बारीक उंचवटा असतो आणि काही वयस्क कोंबड्यांनाही काटे येतात. काट्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

जातींप्रमाणे ध्यानात ठेवावयाचे फरक

असील जातीत तुरा दोघांचाही लहान व दबलेला असतो, लोलक जवळजवळ नसतातच आणि माद्याही उंच व ताठ असतात. म्हणून या जातीत तुरा व ढब दोन्ही फसवी होत. पायांची जाडी, डोक्याची रुंदी व कमरेची पिसे पाहावीत. झाबुआ भागातील कडकनाथ जातीस 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले व तेव्हापासून महाराष्ट्रातही तिची मागणी वाढली आहे. या जातीचा तुरा व त्वचा काळपट असल्यामुळे लालीची वाट पाहत बसू नये. तुऱ्याचा आकार व कमरेची पिसे पाहावीत. उघड्या मानेच्या कोंबड्यांत मानेवर पिसेच नसतात, तेव्हा कमर व शेपटी या दोनच जागा उरतात. व्हाइट लेगहॉर्न पांढरीशुभ्र असल्याने रंगाची मदत होत नाही, पण तुरा लवकर बोलतो. गिरिराजा, वनराजा यांसारख्या सुधारित रंगीत पक्ष्यांत वाढ जलद असल्यामुळे वजन व पाय यांतील फरक लवकर दिसतो. परंतु त्यांचे रंग अनेक असल्यामुळे रंगावरून ठरवू नये.

तपासण्याची रीत

पिल्ले दिवसा पाठलाग करून धरू नयेत. त्यामुळे ती घाबरतात व जखमी होतात. सायंकाळी खुराड्यात बसल्यावर त्यांना शांतपणे उचलून डालग्याखाली ठेवावे आणि सकाळी उजाडताच एकेक बाहेर काढून तपासावे. पिसांची टोके सूर्यप्रकाशातच नीट दिसतात. पिल्लास पायांनी उलटे टांगू नये. एका हाताचा तळवा छातीखाली घालून दोन्ही पाय बोटांमध्ये धरावेत व दुसऱ्या हाताने पिसे पाहावीत.

तपासलेल्या प्रत्येक पिल्लाच्या पायात चिंधीची खूण बांधावी. निश्चित नरास तांबडी चिंधी, निश्चित मादीस पांढरी व संशयितास पिवळी, अशी योजना सोयीची पडते. चिंधी सैल असावी व दर पंधरा दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी. तसे न केल्यास वाढत्या पायात ती रुतते व जखम होते. घरातील शाळकरी मुलाकडून वहीत तारीख, रंग व निर्णय यांची नोंद करून घ्यावी. पुढच्या तपासणीच्या वेळी पहिला निर्णय बरोबर होता की चूक, हे तीच वही सांगते. एक-दोन हंगामांत पाळणाऱ्याची नजर अशी तयार होते की, लांबूनच तो सहज ओळखू लागतो.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. पिवळ्या चिंधीचे पिल्लू विकावयाचे नाही. दोन-तीन आठवड्यांच्या दाण्याचा खर्च थोडा असतो, पण गमावलेली तलंग वर्षभराचे नुकसान करते.

ओळख पटल्यानंतर

नर व माद्या आठ-दहा आठवड्यांपासून शक्यतो वेगळ्या ठेवाव्यात. वेगळे खुराडे नसल्यास निदान खाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे तलंगांना पोटभर मिळेल. परसातील नर हा टाकाऊ मुळीच नव्हे. मोठ्या अंडी-उद्योगात अंडी देणाऱ्या जातींचे नर निरुपयोगी मानले जातात. जर्मनीने तर अशी नर पिल्ले जन्मतःच मारण्यावर 1 जानेवारी 2022 पासून बंदी घातली. आपल्याकडे गावठी कोंबड्यास बाजारात चांगला भाव मिळतो. त्याला वेगळे ठेवून, योग्य वजनाचा करून, मागणीच्या दिवसांत विकावे. घाईने विकलेला अर्धवट वाढीचा नर व उगाच रेंगाळत ठेवलेला म्हातारा नर, दोन्ही तोट्याचे.

पैदाशीसाठी सर्वांत चपळ, सरळ पायांचा, रुंद छातीचा व कधी आजारी न पडलेला नर राखावा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा होतो. तो शक्य तर दुसऱ्या घरच्या किंवा दुसऱ्या गावच्या कळपातील असावा. आपल्याच कळपातील भावंडांची जोडी पिढ्यान् पिढ्या चालू ठेवल्यास अंडी कमी उबतात व पिल्ले दुबळी निघतात. शेजारणींनी आपसांत नरांची अदलाबदल केल्यास हा दोष बिनखर्चाने टळतो.

कोंबडी अंडी देण्यासाठी कोंबडा लागतो, हा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. तो चुकीचा आहे. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी देते. ती उबत नाहीत, एवढेच. उलट अशी अंडी उन्हाळ्यात अधिक दिवस टिकतात. ज्यांना केवळ खाण्यासाठी व विक्रीसाठी अंडी हवीत, त्यांनी नर मुळीच ठेवला नाही तरी चालेल.

क्वचित एखादी वयस्क कोंबडी अंडी देणे थांबवून आरवू लागते व तिला नरासारखी पिसे फुटतात. लोक तिला अशुभ मानतात. त्यात अशुभ काही नाही. कोंबडीचे डाव्या बाजूचे अंडाशयच कार्य करीत असते. ते रोगाने निकामी झाले, की मादीचा अंतःस्राव थांबतो व नराची लक्षणे दिसू लागतात. अशी कोंबडी पुन्हा अंडी देण्याचा संभव फार कमी असतो. म्हणून तिला काढून टाकावे, पण त्यावरून घरावर संकट येईल अशी भीती बाळगू नये.

बाजारात विकत घेताना

आठवड्याच्या बाजारात तलंगा म्हणून डालग्यात दाखविलेल्या पिल्लांत दबलेले नर मिसळलेले असतात. घेणाऱ्याने प्रत्येक पक्षी हातात घेऊन कमरेचे पीस पाहण्याचा आग्रह धरावा. तीन महिन्यांच्या आतील पिल्ले तलंगेच्या भावाने घेऊ नयेत, कारण त्या वयात विकणाऱ्यालाही पुष्कळदा खात्री नसते. विकणाऱ्या भगिनींनीही आपला माल आधी घरी तपासून न्यावा. ‘कोंबडा’ म्हणून स्वस्तात गेलेली तलंग परत मिळत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावा. लसीकरणाच्या दिवशी भगिनी पिल्ले घेऊन एकत्र येतात. त्या वेळी एक निश्चित नर व एक निश्चित मादी शेजारी धरून कमरेची पिसे सर्वांना हाताने चाचपू द्यावीत. नंतर प्रत्येकीला स्वतःचे पिल्लू ओळखण्यास सांगावे व चूक झाल्यास तेथल्या तेथे सुधारावी. गळून पडलेली नर व मादी यांची पिसे पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवल्यास तो तक्ता वर्षभर कामी येतो.

सर्व विवेचनाचा सारांश येणेप्रमाणे:

1. पहिला महिना नर-मादी भेद न करता सर्व पिल्ले सारखी सांभाळावीत.
2. चार ते सहा आठवड्यांत पाठीची पिसे, तुरे व पायांच्या नळ्या यांची तुलना करावी. विक्री करू नये.
3. आठ ते दहा आठवड्यांत तुरा व रंग पाहून चिंधीची खूण बांधावी व नर वेगळे करावेत.
4. बारा ते सोळा आठवड्यांत कमर, मान व शेपटी यांच्या पिसांवरून निर्णय करावा.
5. अठरा आठवड्यांनंतर केवळ लाल तुऱ्यावरून कोणासही नर ठरवू नये.
6. संशय असेल तोवर पक्षी विकू नये.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. नर केव्हा ना केव्हा आरवून आपली ओळख देतोच. परंतु तोपर्यंत दाणा खर्ची पडलेला असतो आणि एखादी तलंग दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालू लागलेली असते. कोंबडा आरवण्याआधी ज्याने कमरेचे पीस उचलून पाहिले, त्याच्या खुराड्यात तलंगा टिकतात आणि वर्षभर अंडी मिळत राहतात.